पायांकडं बघा!

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते. सिद्धेश्वर महाराजांचे सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून मिरवणुकीनं निघतात. नंदीध्वज म्हणजे सजवलेली उंचच उंच काठी. ती आडवी न्यायची नाही, खांद्यावर टाकायची नाही. उभीच्या उभी पेलत न्यायची. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेला गडी ती पेलतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं माना वर करून शेंड्याकडं बघत राहतात.

गेल्या जत्रेत माझ्या शेजारी उभी असलेली माझी पुतणी मात्र खाली बघत होती. पाचवीत आहे ती.

“अगं, वर बघ की!” मी म्हणालो.

“वर काय ओ काका, नुसती काठी आहे. गंमत खाली चाललीय. त्यांचे पाय बघा!”

मी पाहिलं. खरंच की! पाय एकमेकांना चिकटलेले नव्हते, थोडे फाकलेले होते. गुडघे किंचित वाकलेले. काठी जरा पुढं झुकली की पाय लगेच पुढं सरकत, डावीकडं कलली की डावीकडं. लांब ढांगा नाहीत, छोटी छोटी पावलं. काठी हातांनी धरलेली असली, तरी तिला उभं ठेवत होते ते पाय!

ही गोष्ट तेवढ्यावरच संपली असती. पण चारच दिवसांनी सकाळी तिनं माझ्या फोनवर अमेरिकेतल्या फुटबॉलचा एक सामना पाहिला आणि माझ्या डोक्याचा भुगा केला.

लाइनमन? खांबावर चढतो तो?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला लाथेनं खेळायचा फुटबॉल नव्हे. यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मोठ्या पपईसारखा. तो हातात घेऊन पळायचं, नाहीतर फेकायचा. प्रत्येक संघाचे अकरा जण मैदानात. चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड, म्हणजे साधारण 9 मीटर, पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर चेंडू समोरच्या संघाकडं. असं करत करत मैदानाच्या टोकापलीकडं चेंडू नेला की सहा गुण.

डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाडजूड पॅड. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात, एक जण पायांमधून चेंडू मागं देतो आणि पुढच्या क्षणी अशी काही झुंबड उडते की भाजी मंडईत बैल सुटलाय असं वाटावं.

“काका, हे पाच जाडे काका काय करतायत? कुणी यांना चेंडूच देत नाही. नुसते ढकलतायत की!”

“ते लाइनमन आहेत.”

“लाइनमन? लाइट गेली की खांबावर चढतात ते?”

मी हसलो. पण नंतर विचार केला, तिची चूक फार मोठी नव्हती. ती कशी, ते शेवटी सांगतो.

चेंडू ज्या संघाकडं असतो त्या संघाचे हे पाच धिप्पाड गडी एका ओळीत उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. त्यांच्या मागं उभा असतो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कुणाकडं फेकायचा हे ठरवणारा, संघाचा लाडका नायक. समोरच्या संघाचे दांडगे खेळाडू त्याला पाडायला धावून येतात. या पाच जणांनी त्यांना अडवायचं. किती वेळ? फार तर तीन सेकंद. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकून मोकळा होतो.

तीन सेकंद! “एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन” म्हणून बघा. झालं. पण तेवढ्या वेळात समोरून येणारा माणूस मोटारसायकलएवढ्या वजनाचा असतो.

आणि गंमत म्हणजे, मधल्या सेंटरला चेंडू मागं देण्यापुरता हात लागतो, बाकी चौघांचा चेंडूशी जवळपास संबंधच नाही. नियमच असा आहे, की एरवी या पाच जणांना पुढं फेकलेला चेंडू झेलता येत नाही. चेंडूच्या खेळातला खेळाडू, पण चेंडूला शिवायचं नाही. कबड्डीत आयुष्यभर चढाईच केली नाही असं म्हणा ना!

दहा हजार तीनशे त्रेसष्ट

यातल्या एकाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव जो थॉमस.

आपण गल्लीत क्रिकेटचे संघ पाडतो तेव्हा कसं करतो? “तू एक घे, मी एक घेतो.” अमेरिकेतही नव्या खेळाडूंची अशीच पाळीपाळीनं निवड होते आणि तिचा मोठा सोहळा असतो. गंमत अशी, की गेल्या वर्षी जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याला आधी निवडायला मिळतं. 2007 साली क्लीव्हलँड ब्राउन्स नावाच्या संघानं तिसऱ्याच क्रमांकावर जो थॉमसला निवडलं. बाकी मुलं सुटाबुटात सोहळ्याला बसलेली. हा पठ्ठ्या त्या वेळी वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात बोटीतून मासे धरत होता!

तेव्हापासून तो क्लीव्हलँडचा डावा टॅकल झाला. ही जागा फार जोखमीची. क्वार्टरबॅक उजवा असेल तर चेंडू फेकताना त्याची पाठ डाव्या बाजूकडं वळते. तिकडून कोण धावून येतंय हे त्याला दिसतच नाही. 1985 साली जो थाइजमन नावाच्या क्वार्टरबॅकला लॉरेन्स टेलर या खेळाडूनं पाडलं आणि त्याचा पाय असा मोडला की तो पुन्हा कधी खेळू शकला नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूचा राखणदार म्हणजे डावा टॅकल. क्वार्टरबॅकच्या पाठीला डोळे नसतात, ते डोळे याचे.

प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात चेंडू मागं देण्यानं होते. त्याला म्हणतात स्नॅप. जो थॉमस पहिल्या सामन्यापासून सलग 10,363 स्नॅप खेळला. मधे एकही सुटला नाही. ताप आला, बोट दुखावलं, गुडघा कुरकुरला, पाऊस पडला, बर्फ पडला, हा आपला ओळीत उभा. त्याच्या मागं उभे राहणारे क्वार्टरबॅक बदलत राहिले. एक गेला, दुसरा आला, असे वीस जण झाले. राखणदार तोच.

शेवटी 22 ऑक्टोबर 2017 रोजी दंडाचा स्नायू फाटला आणि मोजणी थांबली. 2018 साली तो निवृत्त झाला.

“मग त्यांनी किती कप जिंकले?” पुतणीनं विचारलं.

एकही नाही. त्याच्या अकरा हंगामांत क्लीव्हलँडचा संघ एकदाही बाद फेरीपर्यंत पोचला नाही. 2017 च्या हंगामात तर सोळापैकी सोळा सामने हरला! तरीसुद्धा 2023 साली, नियमानं पहिली संधी येताच, जो थॉमसला या खेळातल्या थोरांच्या दालनात मानाची जागा मिळाली. संघ हरला तरी हा माणूस आपल्या तीन सेकंदांत क्वचितच हरला, हे जाणकारांनी मोजून ठेवलं होतं.

पंचेचाळीस किलोमीटर पुरणार नाहीत

आता विज्ञानाकडं वळू. या ओळीतल्या एकेका खेळाडूचं वजन साधारण 140 किलो असतं. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. म्हणजे दाराच्या चौकटीतून वाकून जाणारी माणसं. पण ती सुस्त नसतात बरं का! हा एवढा देह सेकंदाला 5 मीटर वेगानं सहज पळतो.

एखादी धावती वस्तू थांबवणं किती अवघड, हे दोन गोष्टींवर ठरतं. ती किती जड आहे आणि किती वेगानं येतेय. या दोहोंचा गुणाकार म्हणजे संवेग. 140 गुणिले 5, झाले 700.

आता समजा तुमचं वजन 35 किलो आहे. एवढाच संवेग मिळवायला तुम्हाला किती वेगानं पळावं लागेल? 700 भागिले 35, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. तासाला 72 किलोमीटर! जगातला सगळ्यांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट भरात असतानासुद्धा तासाला साधारण 45 किलोमीटरपर्यंतच पोचला होता. तेव्हा तुम्ही शाळेची घंटा झाल्यावर कितीही जोरात पळालात, तरी लाइनमनच्या धडकेची बरोबरी व्हायची नाही.

समोरून धावून येणारे गडीही जवळपास असेच दांडगे. मग असा धावत येणारा डोंगर थांबवायचा कसा? आपण डोंगर होऊन? नुसतं वजन वाढवून भागत नाही. त्याचं खरं गुपित आपल्या तालमीत सापडतं.

वस्तादांचा पहिला धडा

सोलापूर जिल्हा पैलवानांचा. 2023 च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या माती विभागातल्या अंतिम लढतीत आपल्याच जिल्ह्यातले दोघे समोरासमोर होते. एक मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड, दुसरा मोहोळचा सिकंदर शेख. त्या कुस्तीतल्या ‘बाहेरची टांग’ या डावाला किती गुण द्यायचे यावरून गावागावांतल्या पारांवर केवढा वाद रंगला! ती लढत महेंद्रनं जिंकली. मग मानाच्या गदेसाठीची कुस्ती दुसऱ्या विभागातून आलेला शिवराज राक्षे आणि महेंद्र यांच्यात झाली आणि शिवराज महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा स्पर्धा झाली, तेव्हा गदा सिकंदरनं मिळवली.

नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद त्याला आधी डाव शिकवत नाहीत. आधी शिकवतात पवित्रा, म्हणजे उभं कसं राहायचं ते. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली, मान ताठ, नजर समोरच्यावर. अमेरिकेतल्या लाइनमनचा फोटो आणि आपल्या पैलवानाचा पवित्रा शेजारी शेजारी ठेवा. शिरस्त्राण काढलं तर फरक सांगता येणार नाही!

असं का? आपलं सगळं वजन जणू एकाच बिंदूत एकवटलेलं आहे असं समजा. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभं राहिल्यावर तो साधारण बेंबीच्या थोडा खाली, पोटाच्या आत असतो. त्या बिंदूपासून ओळंबा सोडला आणि तो तुमच्या दोन पावलांच्या दरम्यान जमिनीला टेकला, तर तुम्ही उभे. पावलांबाहेर गेला, तर तुम्ही पडलात!

म्हणून पाय फाकायचे. पावलांमधली जागा मोठी झाली की ओळंबा सहजासहजी बाहेर जात नाही. आणि गुडघे वाकवले की गुरुत्वमध्य खाली येतो. मग तुम्हाला पाडायला समोरच्याला जास्त कष्ट पडतात. उभा तांब्या चटकन कलंडतो, पसरट परात कलंडत नाही. तसंच हे.

आता ‘बाहेरची टांग’ आठवा. पैलवान काय करतो? समोरच्याच्या पायाला बाहेरून आपला पाय अडकवतो आणि अंगाला झटका देतो. ओळंबा त्या बाजूला सरकतो, पण त्याला आधार द्यायला पाय मात्र सरकू शकत नाही, अडकलेला असतो. धाडकन चितपट! डाव टांगेचा, पण कमाल त्या ओळंब्याची.

नंदीध्वज पेलणारा गडी नेमकं उलटं काम करतो. काठीचा ओळंबा बाहेर जाऊ लागला, की तो स्वतःचे पाय सरकवून पुन्हा त्याच्या खाली जाऊन उभा राहतो. जत्रेआधी कितीतरी दिवस नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो तो यासाठीच. हे डोक्यानं विचार करून जमत नाही. पायांनाच शिकावं लागतं.

लाइनमनचे पायसुद्धा असेच. समोरचा डावीकडून आला की हा छोट्या छोट्या पावलांनी मागं आणि डावीकडं सरकतो. पाय कधीच एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. ज्या क्षणी पाय जुळले, त्या क्षणी खेळ खल्लास.

मागं सरकण्यातही जिंकणं असतं

“पण काका, हे तर मागं मागं जातायत. हरतायत की!”

तिचा हा प्रश्न मला फार आवडला. मी तिला विचारलं, “क्रिकेटचा जोरात आलेला चेंडू तू कसा झेलतेस?”

“हात मागं घेत.”

“का?”

“नाहीतर हाताला झिणझिण्या येतात.”

बरोबर! चेंडूचा सगळा संवेग शून्य करायचाच आहे. एका क्षणात केलात तर हाताला मोठा दणका बसतो. हात मागं घेत, जरा वेळ लावून केलात तर तेच काम हलक्या बलात होतं. लाइनमनही हेच करतो. धावत येणाऱ्या डोंगराला तो जागेवर थोपवत नाही. दोन पावलं मागं जात त्याचा वेग पितो. त्याला तीनच सेकंद काढायची असतात ना! त्या तीन सेकंदांत एक मीटर जमीन दिली तरी चालेल, वाट द्यायची नाही.

आणि यासाठी पायाखाली जमिनीची पकड हवी. तेच घर्षण. ओल्या फरशीवर तुम्ही कुणाला ढकलायला गेलात तर तुम्हीच मागं घसराल, कारण तुम्ही त्याला ढकलता तेव्हा तोही तुम्हाला तेवढ्याच जोरानं ढकलत असतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. फुटबॉलवाले बुटाला खुंट्या लावतात, त्या गवतात रुततात. आपल्या तालमीत तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ, ओलसर ठेवतात. पायाची बोटं तीत छान रुततात, आणि पडल्यावर लागतही नाही. एका मातीत दोन कामं!

पैलवान लाइनमन झाला त्याची गोष्ट

एवढं सारखेपण असेल, तर कुस्तीगीर थेट लाइनमन होऊ शकेल का? झाला आहे!

स्टीफन नील हा अमेरिकेतला कुस्तीगीर. तुमच्यातल्या काहींना टीव्हीवरचा ब्रॉक लेस्नर ठाऊक असेल. 1999 साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीच्या अंतिम लढतीत नीलनं त्याच लेस्नरला हरवलं. त्याच वर्षी तुर्कस्तानात अंकारा इथं तो 130 किलो गटात फ्रीस्टाइल कुस्तीचा जगज्जेता झाला. महाविद्यालयात असताना त्यानं फुटबॉल खेळलेलाच नव्हता. पुढं न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानं त्याला लाइनमन म्हणून घेतलं. गार्डच्या जागी उभा राहून त्यानं टॉम ब्रेडी या नामवंत क्वार्टरबॅकला कितीतरी वर्षं राखलं. 2010 च्या हंगामापर्यंत तो खेळला. त्याच्या काळात संघानं तीन वेळा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपद, जिंकलं.

आणि लेस्नर? त्यानंही 2004 साली फुटबॉलमध्ये उतरायचा प्रयत्न केला. पण हंगाम सुरू होण्याआधीच संघानं त्याला घरी पाठवलं.

नीलला पवित्रा आयता मिळाला होता, पण एक मोठी सवय मोडावी लागली. कुस्तीत धरणं हाच तर खेळ. पट काढा, कंबर धरा, मानेला कैची घाला. लाइनमननं मात्र समोरच्याला धरून ओढलं, तर पंच पिवळा रुमाल फेकतात आणि संघाला 10 यार्ड मागं जावं लागतं. तळहात उघडे ठेवून छातीवर रेटायचं, बस्स. पैलवानाला ‘धरू नकोस’ म्हणणं म्हणजे सोलापूरकराला शेंगाचटणीशिवाय भाकरी खायला सांगण्यासारखं!

या खेळाचा वारा आपल्याकडंही एकदा येऊन गेला. 2012 साली मुख्यतः भारतातल्या संघांची अमेरिकन फुटबॉलची लीग सुरू झाली होती आणि तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. पण ती लीग फार टिकली नाही.

चौतीस भाकऱ्या!

एवढा देह चालवायला इंधन किती लागत असेल? लाइनमन दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खातो. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण 175 कॅलरी असतात. 6,000 भागिले 175 करा. चौतीस! रोज चौतीस भाकऱ्या. थापणाऱ्या आजीचे हात काय म्हणतील?

आपले पैलवानही खुराकाला कमी नाहीत. दूध, तूप, बदामाची थंडाई. पण खुराकाआधी जोर, बैठका, सपाट्या येतात. खाल्लेलं सगळं व्यायामात जिरलं तर त्याचे स्नायू होतात. नाही जिरलं तर नुसती ढेरी.

इथं निसर्ग मात्र एक अडचण करून ठेवतो. समजा एखादा माणूस उंची, रुंदी, जाडी सगळ्याच बाजूंनी दुप्पट मोठा केला. त्याचं वजन दुप्पट होईल? नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट! पण त्याच्या गुडघ्याचं हाड दोनच बाजूंनी जाड होतं, लांबी वाढून त्याची ताकद काही वाढत नाही. म्हणून हाडाची ताकद फक्त चौपट होते. आठपट ओझं आणि चौपट ताकद! म्हणून तर हत्तीचे पाय खांबासारखे जाडजूड असतात आणि मुंगीचे केसासारखे बारीक. लाइनमनचे गुडघे आणि पाठ बिचारे रोज हे जास्तीचं ओझं सोसत असतात.

म्हणून खेळ संपला की सगळ्यांत मोठं काम सुरू होतं, हलकं होण्याचं. जो थॉमसनं निवृत्तीनंतर 20 किलोंहून जास्त वजन उतरवलं. इतकं, की जुने फोटो पाहून हाच का तो असं वाटावं. अजून एक गंभीर गोष्ट आहे. जवळजवळ दर स्नॅपला डोकी एकमेकांवर आदळतात. एकेक धक्का छोटा वाटतो, पण कवटीच्या आत मेंदू हलतो. असे हजारो धक्के वर्षानुवर्षं बसले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, असं शास्त्रज्ञांना दिसून आलं आहे. शिरस्त्राणानं कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. म्हणून आता या खेळात डोक्यानं धडक देण्याविरुद्ध कडक नियम केले आहेत. तेव्हा तुम्ही खेळताना कुणाच्याही डोक्याला धडकू नका, आणि डोक्याला लागलं तर लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा.

करून पाहा

*पहिला प्रयोग.* पाठ आणि टाचा भिंतीला चिकटवून उभे राहा. पायांपुढं हातभर अंतरावर रुमाल ठेवा. गुडघे न वाकवता, पाय न हलवता तो उचला. जमणार नाही! एरवी आपण वाकतो तेव्हा पाठीमागचा भाग आपोआप मागं जातो आणि तोल सांभाळतो. इथं मागं भिंत आहे, म्हणून ओळंबा पावलांच्या पुढं जातो.

*दुसरा प्रयोग.* घरातल्या मोठ्यांना जवळ बसवा आणि गादीवर पाय जुळवून, ताठ उभे राहा. मित्राला खांद्यावर हळूच रेटायला सांगा. तोल गेला ना? आता पाय फाकवा, गुडघे वाकवा आणि त्याच जोरानं पुन्हा रेटायला सांगा. झालात की पैलवान!

*तिसरा प्रयोग.* लांब काठी किंवा झाडू तळहातावर उभा धरा. आधी तळहाताकडं बघा, मग काठीच्या शेंड्याकडं बघा. कधी जास्त वेळ तोल राहतो? शेंड्याकडं बघताना! काठी कलली की शेंडा सगळ्यांत जास्त सरकतो, म्हणून कलणं तिथं आधी कळतं. मग हात, आणि लागलं तर पायही, तिच्याखाली सरकवायचे.

आणि तो खांबावरचा लाइनमन?

सुरुवातीला म्हटलं होतं ना, पुतणीची चूक फार मोठी नव्हती?

विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन आपल्याला कधी आठवतो? लाइट गेली की. रोज संध्याकाळी बटण दाबल्यावर दिवा लागतो, तेव्हा आपण त्याचं नाव काढत नाही. फुटबॉलच्या लाइनमनचंही तसंच. त्याच्या नावावर गोल नाही, धाव नाही, बळी नाही. त्यानं काम चोख केलं तर टाळ्या क्वार्टरबॅकला. आणि एकदा जरी चुकला, तर सगळं मैदान त्याच्याकडं बोट दाखवतं.

आम्ही दोघांनी त्या सामन्याची उरलेली दहा मिनिटं एक खेळ खेळला. चेंडूकडं बघायचंच नाही. नुसते त्या पाच जणांचे पाय बघायचे. पहिल्या दोन मिनिटांत काहीच कळलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. कोण खाली बसतोय, कुणाचे पाय जुळले, कोण आता पडणार. चेंडू कुठं गेला हे न बघताही पुतणी ओरडली, “काका, डावीकडचा घसरला, आता क्वार्टरबॅक पडणार!” आणि तो पडला.

पुढच्या जानेवारीत गड्ड्याला याल तेव्हा नंदीध्वजाचा शेंडा जरूर बघा, तो सुंदरच असतो. पण त्याआधी एकदा खाली वाकून पाय बघा. आणि काय काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा.